शपथेने जुगार सुटत नाही

या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत मधुमेह, सांधेदुखी आणि केस गळणे हेच विषय बहुतेक वेळा असतात. गेल्या आठवड्यात मात्र एक पाकीट आले. आत वहीची दोन फाडलेली पाने, खाली सही नाही, पत्ता नाही. एका भगिनीने विचारले आहे : "डॉक्टरसाहेब, आमच्या यांना न कळता चहातून देता येईल असे जुगार सोडवायचे औषध मिळते का? दारूचे मिळते असे ऐकून आहे. आतापर्यंत तीन वेळा शपथ घेतली, शेवटची तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. पंधरा दिवस सुद्धा टिकली नाही."

पत्ता नसल्यामुळे उत्तर इथेच देतो. ताई, असे औषध नाही. दारूसाठी चोरून द्यायच्या पुड्यांच्या ज्या जाहिराती तुम्ही पाहता, त्यांवरही विश्वास ठेवू नका. दारू सोडवण्याच्या एका प्रसिद्ध गोळीवर माणूस न कळत दारू प्यायला तर जिवावर बेतू शकते. म्हणून ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. जुगारासाठी नालट्रेक्झोनसारखी काही औषधे मानसोपचारतज्ज्ञ कधीकधी वापरतात, पण खास जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी आजही नाही. जो उपचार उपयोगी पडतो असे दिसून आले आहे तो बोलण्याचा आहे. आपल्याकडे नेमका यावरच कोणाचा विश्वास बसत नाही. "नुसते बोलून काय होणार? बोलून बोलून तर आम्ही थकलो!" असे नातेवाईक म्हणतात. आपण जे बोलतो त्याला उपदेश म्हणतात. उपचाराचे बोलणे त्याहून वेगळे असते, आणि ते कसे असते हे सांगण्यासाठी आजचा लेख लिहितो आहे.

आधी माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका जिनिंगमध्ये हिशेबनीस असलेले एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) दोन वर्षे माझ्याकडे येत होते. झोप नाही, छातीत जळजळ, डोके जड. मी रक्तदाब तपासला, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, झोपेसाठी सौम्य गोळी दिली. दारू पिता का, नाही. तंबाखू, थोडी. पुढे काही विचारले नाही. सभ्य माणूस, नाकासमोर चालणारा, अक्षर मोत्यासारखे. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या आणि दवाखान्यातले शेवटचे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रात्री हे गच्चीवर जाऊन बसतात. काल म्हणाले, माझ्या विम्याचे पैसे तुम्हाला पुरतील का गं?" त्यानंतर सगळे बाहेर आले. पतसंस्थेचे कर्ज, सोने तारण, भिशीचे उचललेले पैसे, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले, आणि एका सावकाराचे. सगळे आकड्यावर आणि मोबाइलवरच्या रमीवर गेले होते. दोन वर्षे मी झोपेची गोळी लिहीत होतो, आणि झोप कशाने उडाली हे मला एका प्रश्नात कळले असते.

आपल्या खान्देशाला जुगार नवा नाही. आखाजीला घराघरांत पत्त्यांचे डाव बसतात, सासरहून आलेल्या मुली झोक्यावर आणि पुरुष मंडळी पत्त्यांवर. सणाचा खेळ म्हणून त्याला कोणी नावे ठेवत नाही, मीही ठेवत नाही. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी शेतावर जातात. काही थोडे जण मात्र त्या चटईवरून उठतच नाहीत. हे फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, खेळायचे नाही असे मनाशी ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच पावले तिकडे वळतात. माझ्याकडे आलेल्या हिशेबनिसांनी याहून वेगळे काही सांगितले नाही.

आकड्याचा आणि कापसाचा संबंधही आपल्या भागातल्या लोकांना ठाऊक असावा. १९६० च्या आगेमागे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून टेलिप्रिंटरवर मुंबईत जे भाव येत, त्यांवर पैजा लागत. पुढे तो मार्ग बंद झाला तेव्हा आकडे मडक्यातून काढू लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव राहिले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. एक ओपन, एक क्लोज, दोन्ही मिळून जोडी.

आता याचा हिशेब करू. आकडा काढणारा प्रामाणिक आहे असे घटकाभर धरू. दहा अंकांपैकी एक यायचा, आणि लागला तर साधारण नऊपट पैसे मिळतात. जोडी शंभरातली एक, आणि तिला नव्वदपटीच्या आसपास. म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरीने दहा रुपये गेले. "दहा टक्केच ना?" असे एकाने मला विचारले होते. पण जिंकलेले पैसे कोणी घरी नेत नाही, ते पुन्हा लावतो. हजार रुपये सगळेच्या सगळे दहा वेळा फिरवले तर सरासरीने साडेतीनशेच्या आत उरतात, आणि वीस वेळा फिरवले तर सव्वाशेच्या आत. हे गणित ज्यांना येत नाही तेच खेळतात असे समजू नका. आमचे हिशेबनीस जिनिंगचा ताळेबंद तोंडी सांगत.

मग कळत असून माणूस का खेळतो? याचे कारण त्याच्या विचारांत बसलेल्या काही चुकीच्या समजुती, आणि त्या समजुतींना मेंदूकडून मिळणारे खतपाणी. "पंधरा दिवस सात आला नाही, म्हणजे आता येणारच" ही पहिली समजूत. पत्त्यांना मागचे पंधरा दिवस आठवत नसतात. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. आता तरी लाल येणारच म्हणून लोक लाल रंगावर पैसे ओतत राहिले आणि धुतले गेले. दुसरी समजूत थोडक्यात हुकल्याची. आठ लावला आणि सात आला, तर हरलेला माणूस "जवळ आलो होतो" असे म्हणतो. केंब्रिज येथील ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवले की, थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग उद्दीपित होतात जे जिंकल्यावर होतात, आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. तिसरी समजूत सगळ्यांत महाग पडते : गेलेले पैसे तिथेच परत मिळतील. कर्ज फेडायला जुगार, जुगाराने पुन्हा कर्ज. मटक्याचे जुने चार्ट, स्वप्नात दिसलेला साप म्हणजे कोणता आकडा, गाडीचा नंबर, हे सगळे या तिन्हींचेच पोटभाग आहेत.

वैद्यकशास्त्राने याला आजार मानले ते १९८० मध्ये. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी तो आपल्या आजारांच्या यादीत घेतला, आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याला दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो व्यसनी वर्तनातच आहे. "आजार म्हटले की त्याला सबब मिळते" असा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. मला तो पटत नाही. मधुमेह आजार आहे म्हणून कोणी जिलबी खाण्याची मोकळीक देत नाही. उलट पथ्य आणि तपासणी त्याच्याच गळ्यात पडते.

आमच्या हिशेबनिसांना मी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे मानसोपचारतज्ज्ञांनी प्रथम आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारले, नैराश्यावर औषध सुरू केले, आणि मग एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दर आठवड्याला एक तास असे बारा-चौदा आठवडे जायचे ठरले. पहिल्या दिवशी घरच्यांची अपेक्षा होती की बाई त्यांना चांगले झापतील. बाईंनी एक कागद घेतला, मध्ये रेघ मारली आणि विचारले, "खेळल्याने तुम्हाला काय मिळते ते आधी सांगा." पत्नीला राग आला. पण हाच प्रश्न त्या माणसाला अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निकाल लागेपर्यंतचे दोन तास डोक्यात दुसरे काही नसते." दुसऱ्या बाजूला काय गेले ते त्यांनी आपणहून लिहिले. सोडायचे की नाही हे बाईंनी सांगितले नाही, त्यांच्याच तोंडून काढून घेतले. शपथेत आणि यात फरक असा की शपथ दुसऱ्यासाठी घेतली जाते, बहुधा रडारड थांबवण्यासाठी. आणि मोडली की लाज इतकी वाटते की ती लाज विसरायला माणूस पुन्हा टपरीवर जातो.

त्यानंतर वही आली. तलफ कधी येते, कुठे येते, खिशात किती पैसे होते, मन कसे होते, हे रोज लिहायचे. तीन आठवड्यांत त्या वहीने जे दाखवले ते घरच्यांना कधी दिसले नव्हते. तलफ जवळजवळ नेहमी पगाराच्या दिवशी, जिनिंगच्या मालकाशी खटका उडालेल्या संध्याकाळी, आणि स्टँडमागच्या रस्त्याने घरी येताना. रस्ता बदलला. पगाराचे खाते पत्नीच्या ताब्यात गेले, एटीएम कार्ड तिच्याकडे, मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काढून टाकली, रोज चहापाण्यापुरते पन्नास रुपये. हा पुरुषाचा अपमान आहे असे त्यांच्या वडीलभावाचे मत पडले. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतो तो पायाचा अपमान नव्हे, असे मी त्यांना समजावले. त्यांना किती पटले कोण जाणे.

तलफ आली की काय करायचे, याचीही तालीम होते. तलफ लाटेसारखी चढते आणि आपण तिच्यामागे गेलो नाही तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ काढायला शिकायचे. कोणी मंदिरात जाऊन बसतो, कोणी भावाला फोन लावतो. आमचे गृहस्थ विहिरीवर जाऊन मोटार चालू करत आणि पाणी पाहत बसत. जुना सोबती "चल, आज पक्का आकडा आहे" म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे बाईंनी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले, दहा वेळा.

समजुतींचे काम सगळ्यांत हळू चालले. बाईंनी एक रुपयाचे नाणे शंभर वेळा उडवून प्रत्येक वेळी छाप की काटा ते लिहून आणायला सांगितले, आणि उडवण्याआधी आपला अंदाजही. अंदाज निम्मे चुकले हे ठीक. पण एका ठिकाणी लागोपाठ सहा वेळा छाप आला होता, आणि सातव्या वेळी त्यांनी काट्यापुढे दोन रेघा मारल्या होत्या, अगदी खात्रीने. पुन्हा छाप! "ही खात्री कुठून आली?" असे बाईंनी विचारले. त्याच सुमाराला त्यांनी आणखी एक काम दिले : अकरा वर्षांचा जुगाराचा हिशेब. दुसऱ्यांच्या वह्या आयुष्यभर लिहिलेल्या माणसाने स्वतःची वही कधी लिहिली नव्हती. जिंकलेल्या तारखा तोंडपाठ होत्या, हरलेल्या आठवत नव्हत्या. पतसंस्थेचे पासबुक, तारणाच्या पावत्या, बँकेचे उतारे जमवून बेरीज केली. सात लाख चाळीस हजार. त्या रात्री त्यांनी जेवण केले नाही, आणि बाईंनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून पत्नी जागी राहिली. हा टप्पा धोक्याचा असतो. म्हणूनच हे काम पुस्तक वाचून घरी करू नये.

आता घरच्या मंडळींना एक कठोर गोष्ट सांगतो. जुगाऱ्याचे कर्ज गुपचूप फेडू नका. आई बांगड्या मोडते, बाप अर्धा एकर विकतो, आणि मुलगा पाया पडून म्हणतो की आता पुन्हा नाही. त्याला जे कळते ते एवढेच की कितीही बुडालो तरी शेवटी कोणीतरी वर काढते. पुढचा डाव त्या भरवशावर लागतो. कर्ज फेडायचेच, पण सगळ्या देणेकऱ्यांची यादी करून, त्याच्या स्वतःच्या पगारातून, हप्त्याने, आणि उपचार सुरू झाल्यावर. सावकार दारात येऊन धमकावत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, तिथे पोलिसांकडे आणि सहकार खात्याकडे तक्रार करण्याची तरतूद आहे. "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला देणाऱ्यांनी तर परक्याची मुलगी पणाला लावण्याआधी द्रौपदीची आठवण ठेवावी.

उपचाराने सगळे बरे होतात असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये जुगाराच्या मानसोपचारांवरील १४ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचाराने, ज्याला सीबीटी म्हणतात, जुगार आणि त्यातून होणारे नुकसान कमी होते असे त्यात दिसले. पण बहुतेक रुग्णांची नोंद उपचारानंतर तीन महिन्यांपर्यंतचीच होती, त्यापुढे परिणाम किती टिकतो हे त्या चाचण्यांतून ठरत नव्हते. नॅन्सी पेट्री यांनी २००६ मध्ये २३१ जुगाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, नुसते 'गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस'च्या सभेला पाठवलेल्यांपेक्षा त्यासोबत समुपदेशकासमोर बसून आठ वेळा उपचार घेतलेल्यांची प्रगती जास्त झाली. म्हणजे जादू नाही, पण शपथेपेक्षा नक्कीच भरवशाचे. आणि मध्येच उपचार सोडणारे पुष्कळ, हा या आजाराचा स्वभावच आहे. आमचे हिशेबनीससुद्धा २०२४ च्या आखाजीला घसरले. भाच्याच्या घरी पत्ते मांडलेले पाहिले, बसले, आठशे रुपये हरले. पूर्वी असते तर ते परत मिळवायला आठवडा घालवला असता. या वेळी रात्रीच वहीत लिहिले आणि सोमवारी बाईंकडे गेले. घसरणे आणि पडून राहणे यांत फरक आहे, तो शिकवणे हा उपचाराचाच भाग असतो.

एक गोष्ट डॉक्टर मित्रांसाठी. पार्किन्सनच्या रुग्णाला प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुरू असेल आणि आयुष्यात पत्त्याला न शिवलेले आजोबा एकाएकी लॉटरीची तिकिटे घेऊ लागले, तर तो म्हातारचळ नव्हे. औषधाचा तो ज्ञात दुष्परिणाम आहे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये, लिहून देणाऱ्याशी बोलावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे मला विशेष योग्य वाटले. रमीच्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. पण जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे आणि आकडा अजून चालतो, त्यामुळे बंदी झाली म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. ज्याला खेळण्याचा आजार आहे तो दुसरी चटई शोधतो. माझे मत असे की बंदी घालणाऱ्या सरकारने त्याच दमात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जुगारावर उपचार करू शकणारी शिकलेली माणसे नेमायला हवी होती. बंगळूरच्या निम्हान्समध्ये मोबाइल आणि ऑनलाइन खेळांच्या व्यसनासाठी २०१४ पासून वेगळे क्लिनिक आहे. आमच्या तालुक्यातला माणूस बंगळूरला जाणार नाही. जिल्ह्याला जायचे म्हटले तरी एक दिवसाची मजुरी बुडते.

तोवर निदान विचारायला तरी शिकू. १९९७ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी दोनच प्रश्नांची चाचणी तयार केली. आणखी, आणखी पैसे लावावेत अशी गरज तुम्हाला कधी वाटली का? आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर होय असेल तर पुढची चौकशी करावी. आता माझ्या दवाखान्यात झोप न येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन प्रश्न विचारतो. काही जण रागावतात.

पत्र पाठवणाऱ्या ताईंनी शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगायची सक्ती नाही, आणि पती यायला तयार नसले तरी तुम्ही स्वतःसाठी सल्ला घेऊ शकता. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागातही जावे. पती "सगळे संपवून टाकावे" अशा अर्थाचे काही बोलले असतील तर वाट पाहू नका, त्याच दिवशी त्यांना घेऊन जा. आणि त्यांना तसे सरळ विचारा; विचारल्याने मनात नसलेले शिरत नाही.

हिशेबनीस गेल्या महिन्यात आले होते, गुडघ्यासाठी. सावकाराचे संपले, पतसंस्थेचे अजून दोन वर्षे जातील म्हणाले. वही चालू आहे का, असे मी विचारले. त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, चौथी होती.